इम्प्लांटनंतर अल्ट्रासाऊंडचं मशीन घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की खालच्या जबड्यात दाताचं इम्प्लांट (नव्या दातासाठी हाडात बसवतात तो टायटॅनियमचा स्क्रू) बसवलंय, डॉक्टर तीन महिने थांबा म्हणतायत, तर अल्ट्रासाऊंडने हाड लवकर धरेल का, आणि घरात पडून असलेलं फिजिओथेरपीचं मशीन चालेल का. दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे घरच्या मशीनचं, उत्तर आधी: अजिबात नको. त्या मशीनचा जोर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा ते दोन वॅट असतो, ते आत ऊब तयार करायलाच वापरतात. हाडासाठी जे असतं त्याला लिपस (कमी जोराचा, तुटक अल्ट्रासाऊंड) म्हणतात, त्याचा जोर तेवढ्याच जागेला जेमतेम 30 मिलिवॅट, लहरींची वारंवारता दीड मेगाहर्ट्झ, तेही सलग नाही तर तुटक तुटक, रोज 20 मिनिटं. लावलंय हे कळतसुद्धा नाही.

आता मूळ मुद्दा. कल्पना अगदीच हवेतली नाहीये. लहरींचे बारीक दाब-धक्के हाडाच्या पेशींना कळतात, कॉक्स-2 नावाचं एन्झाइम वाढतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन हे पेशींना निरोप देणारं रसायन तयार होतं आणि हाड बनायला चालना मिळते, सशांवर वगैरे प्रयोगांत टायटॅनियमभोवती जास्त हाड भरलेलंही दिसलंय. 1994 ला नडगीच्या फ्रॅक्चरच्या एका ट्रायलमध्ये हाड 38 टक्के लवकर जुळलं, त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणारी सरकारी संस्था) ताज्या फ्रॅक्चरसाठी मंजुरीही दिली. इथपर्यंतच वाचलं की मशीन घ्यावंसं वाटतंच. पण 2016 ला ट्रस्ट नावाची बरीच मोठी ट्रायल आली, नडगीत रॉड घातलेले 501 पेशंट, काहींना चालू मशीन, काहींना नुसतं दिखाऊ, आणि फरक काहीच नाही! 2017 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटाने फ्रॅक्चरसाठी हे वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. फ्रॅक्चरमध्येच ही गत, मग इम्प्लांटसाठी खिशातून पैसे घालायचे कशाला, असं माझं मत.

शिवाय जो वेळ वाचवायचा तो आधीच बराच वाचलाय. टायटॅनियमच्या इम्प्लांटची सुरुवात करणारे स्वीडनचे ब्रोनेमार्क, त्यांच्या जुन्या पद्धतीत खालच्या जबड्यात तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचे, आता खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट आल्यावर चांगल्या हाडात सहा ते आठ आठवड्यांतही दात बसवतात. तुम्हाला तीन महिने सांगितलेत म्हणजे हाड मऊ असेल, ग्राफ्ट (भर म्हणून घातलेलं हाड) घातलं असेल किंवा डॉक्टर सावध असतील, ते विचारा ना सरळ. आणि आयएसक्यू मोजणार का तेही विचारा, 1 ते 100 चा आकडा असतो, इम्प्लांट किती घट्ट बसलंय ते सांगतो, 70 च्या वर असला तर साधारण निर्धास्त.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र जपा, तेव्हा जुनं हाड झिजलेलं आणि नवं अजून कच्चं असतं, म्हणजे पकड उलट थोडी ढिली होते, दुखत नसल्यामुळे माणूस बिनधास्त त्या बाजूने चावायला लागतो. इम्प्लांट साधारण 150 मायक्रॉनपेक्षा (0.15 मिलिमीटर) जास्त हललं तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होतं, मग कुठलंही मशीन आणा. सिगारेट असेल तर बंद, शुगर असेल तर ताब्यात ठेवा, आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून काही गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना सांगितल्यात का ते आजच बघा.