मजला बांधा, पण सहाशे फुटांचा

प्रश्न: सांगलीत नदीजवळ आमचं १९९८ सालचं बैठं घर आहे. २०१९च्या पुरात खिडकीपर्यंत पाणी होतं, २०२१ला पुन्हा आत शिरलं. वर १,००० चौरस फुटांचा मजला (३२ लाख) आणि बाहेरून नवं एलिव्हेशन, प्लास्टर, रंग, गेट (९ लाख) करायचं आहे. वय ५०, खासगी नोकरी, पगार ९० हजार. एफडी १४ लाख, म्युच्युअल फंड २२ लाख. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी बारावीला. कर्ज नको, म्हणून हे सगळं मोडून उरलेले ५ लाख पीएफमधून काढू का?

उत्तर: नका काढू. तसं केलंत तर वास्तुशांतीच्या वर्षीच मुलीच्या फीसाठी पर्सनल लोन शोधत फिराल.

मुलगा परत येईल या आशेवर बांधलेले मजले गावोगावी कुलूप लावून पडलेत, त्यामुळे एरवी मी मजल्यालाच नाही म्हटलं असतं. पण कृष्णाकाठी वरचा मजला ही हौस नाही. पाणी चढायला लागलं की गाद्या, फ्रिज, कागदपत्रं कुठे न्यायची, हा दर पावसाळ्याचा प्रश्न आहे. त्यासाठी दोन खोल्या, संडास-बाथरूम आणि छोटा ओटा पुरे. म्हणजे ६०० चौरस फूट. तुमच्या ठेकेदाराच्या दराने १९ लाख होतात. जिना, टाकी काही निम्म्यात होत नाहीत, म्हणून २१ धरा. वर ३ लाख अडीअडचणीला.

त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. घर कॉलमवर आहे की नुसत्या भिंतींवर, यावर सगळं अवलंबून आहे. महापालिकेत पूररेषेचा नकाशाही पाहा. जागा निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या बांधकामबंदीच्या हद्दीच्या, आत असेल तर परवानगीच अडेल. ‘परवानगीचं नंतर बघू’ म्हणणारे ठेकेदार भेटतील. मंजूर नकाशाशिवाय बँक कर्ज देत नाही, आणि थोडं कर्ज घ्या असं मी पुढे सांगणार आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

बाहेरचं काम मजल्यानंतरच. आधी केलंत तर नव्या रंगावर पुन्हा परांची बांधली जाईल. ९ लाखांपैकी भेगा, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर आणि साधा रंग यांचे साडेतीन लाख आत्ता खर्च करा. पुराचं पाणी पोचतं तिथवर क्लॅडिंग (भिंतीवर चिकटवायच्या फरशा) किंवा पीओपी अजिबात नको, मागे गाळ आणि ओल धरते. तळमजल्याचे स्विचबोर्ड आणि मीटर मात्र याच कामात वर घ्या. एलिव्हेशन आणि गेटचे साडेपाच लाख मुलीची पहिली दोन वर्षं निभावली की बघू.

एकूण साडेसत्तावीस लाख. त्यातले १५ लाख गृहकर्ज, आठ वर्षांसाठी, म्हणजे ५८व्या वर्षी निवृत्तीआधी फिटेल. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २१,६०० आणि एकूण व्याज पावणेसहा लाखांच्या आसपास. व्याज जाईल, पण हातात पैसा राहील. एफडीतले ८ लाख वापरा, ६ ठेवा. फंडातून साडेचार लाख, तेही शक्य असेल तर निम्मे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये काढा. वर्षाहून जुन्या इक्विटी युनिटवरचा सव्वा लाखापर्यंतचा नफा दर आर्थिक वर्षी करमुक्त असतो, ती सवलत दोनदा मिळेल. बाकीचे साडेसतरा लाख मुलीच्या शिक्षणाचे. पीएफचं नाव काढू नका.

कर्जाने कर वाचतो असं एजंट सांगेल. तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर राहत्या घराच्या व्याजावर काहीच वजावट नाही. जुनी असेल तर नव्या मजल्याच्या कर्जाचा आणि डागडुजीच्या खर्चाचा हिशेब वेगळा ठेवा. डागडुजीच्या व्याजाला मर्यादा वर्षाला फक्त ३० हजारांची आहे.

मजल्याची बिलं जपून ठेवा. पुढे घर विकलंत तर तो खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो, पण रोखीत आणि बिलाशिवाय दिलेला नाही. आणि स्लॅब पडला की घरविम्याची रक्कम वाढवून घ्या, पूर त्यात धरलेला आहे ना हे पॉलिसीत स्वतः वाचून.