एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, शिबिराला पहिल्यांदा निघालायस?

दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, एवढं झालं की प्रमाणपत्र मिळतं. बरेच जण तेवढ्यासाठीच येतात. मीही त्यासाठीच आलो होतो, खोटं कशाला बोलू?

पांघरूण जाड घे. मुक्काम गावच्या शाळेत असेल, तर जानेवारीतल्या पहाटे ती फरशी बर्फ होते. ताट-वाटी-पेला स्वतःचा ने आणि बूट जुनेच घाल.

श्रमदानात वनराई बंधारा आला तर मजा आहे. सिमेंटची रिकामी पोती वाळू-मातीनं भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवे थर लावायचे, भिंतीतल्या विटांसारखे सांधे चुकवून. पोतं गच्च भरू नकोस! मी जोर दाखवायला तसंच केलं. फुगलेली पोती एकमेकांवर बसेनात, फटींतून पाणी सुसाट. गावातल्या एका आजोबांनी काही न बोलता माझा अख्खा थर उचकटायला लावला. पोतं थोडं रिकामं असलं की दाबून चपटं बसतं. आणि उचलायला एकट्यानं जाऊ नकोस, साखळी करा; कंबर तुझीच आहे.

संध्याकाळच्या व्याख्यानाला डुलकी लागतेच, मागं बस.

सर्वेक्षणाला घरोघरी जाशील तेव्हा चपला बाहेर काढ, फॉर्म लगेच पुढं करू नकोस. चहा येतोच. पाचव्या घरी नको वाटला तरी नाही म्हणू नकोस, "अर्धाच द्या काकू" म्हण. डायरी मात्र रोजच्या रोज लिही, शेवटच्या रात्री सगळे तुझीच उतरवायला मागतील.