अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मुलाला संघासाठी निवडणारा सहायक कोच नंतर निघून गेला, तर त्याने दिलेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची?

हेड कोचची. माझ्या लेखी याला दुसरं उत्तर नाही.

आम्ही ओहायोत राहतो, मुलगा अमेरिकन फुटबॉलमधला किकर, म्हणजे संघासाठी बॉलला किक मारणारा खेळाडू. डिसेंबर २०१७ मध्ये शेजारच्या राज्यातल्या एका कॉलेजचा स्पेशल टीम्सचा (किक मारणाऱ्या तुकड्यांचा) सहायक कोच घरी आला. दारात बूट काढले, हिने केलेली दोन थालीपीठं खाल्ली आणि म्हणाला, "पहिलं वर्ष वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय या, दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिप पक्की." मग थंडीत अंगणात जाऊन पोराला किक मारायला लावली. टेकवायचा पाय बॉलपासून लांब पडतोय म्हणाला, चार बोटं आत घ्यायला लावला. पोराने दुसऱ्या दिवसापासून तसाच सराव धरला.

फेब्रुवारीत तो कोच दुसऱ्या कॉलेजात गेला. दुसऱ्या वर्षी हेड कोचना विचारलं, तर उत्तर आलं, "मी असा शब्द दिलेला नाही." तेव्हा एका संघाला ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती, किकरला द्यायची तर दुसऱ्या कोणाची तरी जाणार, हे मलाही कळतं. पण सहायक कोच घरोघरी फिरतो तो हेड कोचच्या नावावरच ना? २०२३ पासून एनसीएएचा (कॉलेजमधले खेळ चालवणाऱ्या संघटनेचा) नियमच आहे की सहायकाने नियम मोडला तर हेड कोच आपोआप जबाबदार, "मला माहीत नव्हतं" ही सबब चालत नाही. दिलेला शब्द मोडणं मात्र कोणत्याच नियमाचा भंग ठरत नाही. माझा राग आहे तो इथे.

म्हणून पैशाचा विषय निघाला की हेड कोचकडूनच ईमेल घ्या. मागायला संकोच करू नका. मी केला.

सगळे कोच असे नसतात, हेही खरं. शिवाय २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे देणाऱ्या कॉलेजांत स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन संघातच १०५ जणांची मर्यादा आली आहे, त्यामुळे वॉक-ऑनने आधी संघातली जागा तरी टिकेल का, हे विचारावं.

आमचे दादा सांगलीहून अजून म्हणतात, पोराने अर्ध्यात सोडलं. दोन वर्षं तो पहाटे पाचला उठून मैदानावर जात होता. बाहेरच्या राज्यातून आलेल्यांना लागणारी जास्तीची फी झेपेना, म्हणून थांबवलं ते मी. त्याने नाही.