ब्लॉग सुरू करायचाय? मग एवढंच बघ

थीम, लोगो, डोमेन (स्वतःचा वेब पत्ता) सगळं नंतर. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर फुकट खातं काढ आणि आजच लिही.

- "नमस्कार, हा माझा नवीन ब्लॉग" असली पहिली पोस्ट नको, परवा मित्राशी ज्यावरून तासभर वाद घातलास तेच लिही ना, तिथे तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे
- रोज लिहीन असं जाहीर करू नकोस, तिथेच बरेच ब्लॉग बंद पडतात
- पोस्टची एक कॉपी स्वतःकडे ठेव

आणि व्ह्यूज बघत बसू नकोस प्लीज, सुरुवातीला कोणीच वाचत नाही, पण लिहायला बसलं की आपलं मत किती अर्धवट होतं ते कळतं, मला विचारशील तर खरा फायदा तोच. एसईओबिसिओचं (गुगलवर ब्लॉग वर दिसावा म्हणून करायच्या खटपटी) पंचवीसेक पोस्ट झाल्यावर विचार.