रोज चालणारी जुनी गाडी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९६६ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट अजून आमच्या दारात उभी आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिची सगळी देखभाल मीच करतो. सकाळी मंडईत, अधूनमधून हरिपूरला आणि पावसाळा सोडून कधीतरी मिरजेच्या पलीकडे, एवढा तिचा वापर आहे. पुढेमागे ती भंगारात काढावी लागू नये म्हणून तिची ‘विंटेज’ अशी नोंदणी करून घ्यावी, असा माझ्या भाच्याचा आग्रह आहे. दुसरीकडे गॅरेजवाले सांगतात की हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉलने इंजिन खराब होईल, तेव्हा गाडी झाकून ठेवलेलीच बरी. मी काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याचा हेतू चांगला आहे, मात्र आपला दिनक्रम पाहता त्याचा सल्ला मानू नये असे मला वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते, नूतनीकरणाला पाच हजार पडतात आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आपली गाडी या व्याख्येत बसते. अडचण पुढच्या अटीत आहे. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांच्या रॅलीतील सहभाग, तिथली ये-जा, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. या यादीत मंडई नाही.

भंगाराची भीतीही आपल्या बाबतीत अनाठायी आहे. पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा दिल्ली आणि तिच्या परिसरासाठी घालण्यात आली. तिथल्या बातम्या वाचून आपल्याकडचे पुष्कळ गाडीमालक विनाकारण धास्तावले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी यांचा खर्च येतो आणि परिवहन कार्यालयात एक सकाळ जाते, पण गाडी वर्षभर कुठेही नेण्याची मोकळीक राहते. गाडी केवळ रॅलीपुरती बाहेर काढणाऱ्यांना व्हीए पाटी शोभते. आपल्याला तिचा काच होईल.

आता पेट्रोलविषयी. इथेनॉल म्हणजे काय हे सांगलीकरांना मी सांगावे असे नाही. आपल्याच भागातल्या उसापासून ते तयार होते. त्याचे तीन गुण जुन्या गाडीला बाधतात. ते पाणी शोषून घेते, जुन्या जातीच्या रबराला फुगवते किंवा ठिसूळ करते, आणि तेवढ्याच पेट्रोलच्या तुलनेत त्याच्यातून सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा मिळते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर पूर्वीच्याच जेटने (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राने) चालणाऱ्या कार्बोरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, हवेच्या मानाने इंधन कमी पडते, इंजिन गार असताना अडखळते आणि चढावर जोर कमी झाल्यासारखा वाटतो. शिवाय इतक्या वर्षांत टाकीच्या तळाशी आणि कडांना बसलेला गाळ इथेनॉलमुळे सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन अडकतो. गाडी नव्या पेट्रोलने बिघडली अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत खरा दोष बहुधा या जुन्या गाळाचा असतो.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. टाकी एकदा उतरवून आतून स्वच्छ करून घ्यावी, गाडीतल्या इंधन पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर बसवावा, आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून ‘एसएई जे३० आर९’ असा छाप असलेल्या घालाव्यात. इंधन पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरची गॅस्केटे इथेनॉल सोसणारी आहेत ना, हे दुकानदाराला स्पष्ट विचारून घ्यावे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाणे झाल्यास हे सामान तिथे शोधावे. कुर्ल्यालाच, फियाटच्या गाड्या आपल्याकडे बनवणाऱ्या प्रीमिअरच्या कारखान्यात आपली गाडी तयार झाली. मुख्य जेट एक पायरी मोठा घ्यायचा की नाही, हे प्लगच्या टोकाचा रंग पाहून ठरवावे. फिकट तपकिरी असेल तर जेटला हात लावू नये. पांढरट दिसला तर मात्र बदलावा. उन्हाळ्यात इंधन पंपाजवळच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली, तर त्या पंपावर ओले फडके ठेवण्याचा टॅक्सीवाल्यांचा तोडगा आजही लागू पडतो.

गाडी झाकून ठेवण्याचा सल्ला मात्र मला अगदी उलटा वाटतो. इथेनॉलचे पेट्रोल सर्वांत जास्त नुकसान करते ते उभ्या गाडीचे. टाकीतल्या हवेतला ओलावा त्यात मुरत जातो, पाणी पुरेसे झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पत्रा आतून गंजू लागतो. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल मुरायला सवडच मिळत नाही. हेच ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे, पाण्याच्या पंपाच्या सीलचे आणि बॅटरीचे; हे भाग वापराने झिजतात त्याहून अधिक न वापरल्याने आखडतात. मात्र मंडईपर्यंतची फेरी गाडीच्या दृष्टीने फारच तोकडी आहे. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद केले, तर ज्वलनातून आलेले पाणी ऑइलमध्ये तसेच राहते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी तासगावपर्यंत जाऊन यावे आणि ऑइल किलोमीटर मोजून न बदलता दर सहा महिन्यांनी बदलावे. आंबा घाटातून खाली उतरायचा बेत असेल तर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत हे ध्यानात ठेवून, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरावे.

प्रश्न : माझे पती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असून सकाळचा चहा झाला की त्यांच्या १९७२ च्या अ‍ॅम्बेसेडरखाली शिरतात ते जेवणाची हाक मारेपर्यंत बाहेर येत नाहीत. त्यांच्या आनंदाआड मला यायचे नाही, पण वय अडुसष्ट आहे. कोणती कामे त्यांनी स्वतः करावीत आणि कोणती करू नयेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातला ‘खाली’ हा शब्द मला काळजीचा वाटला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही वयाच्या माणसाने जाऊ नये. उचललेली गाडी पेलणाऱ्या दोन भक्कम घोड्या विकत आणाव्यात, त्या सिमेंटच्या जमिनीवरच लावाव्यात, आणि टेकलेल्या चाकांना पुढून-मागून दगड द्यावा. घरात कोणी नसताना हे काम करायचे नाही, एवढा नियम आपण घालून दिलात तर यजमानांनी तो मानायला हरकत नसावी.

बॉनेट उघडून उभ्याने करण्याची कामे त्यांनी खुशाल करावीत, आणि ती पुष्कळ आहेत. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करणे व फीलर गेजने त्यांतले अंतर बसवणे, प्लग पाहणे, टॅपेट जुळवणे, कार्बोरेटरचा फ्लोट तपासणे, फॅन बेल्टचा ताण बघणे. या गाडीची मौजही यातच आहे, कारण बिघाड डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि संगणकाची गरज पडत नाही. ब्रेकचे काम मात्र सरावलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. आणि हात पेट्रोलने धुण्याची सवय असेल तर ती आजच सोडायला सांगावी. पेट्रोलमधले बेंझीन कातडीतून शरीरात जाते. थोडे खोबरेल तेल चोळून नंतर साबण लावला की वंगण निघते.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नये. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१४’ याचा अर्थ २०१४ सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाकावा.

प्रश्न : माझी प्रीमिअर पद्मिनी १९८६ ची आहे. तिला विंटेज म्हणता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कायद्याने २०३६ साली म्हणता येईल. शौकिनांचे मापदंड आणखी कडक आहेत. इंग्लंडमधील जुन्या गाड्यांच्या क्लबच्या व्याख्येत १९३० नंतरची गाडी ‘विंटेज’ ठरतच नाही. पद्मिनीचे सुटे भाग अजून मिळतात, तिचे काम येणारे मिस्त्री अजून हयात आहेत, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून ती अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. दाराच्या चौकटीची रबरे, मागचे दिवे आणि काचांची हँडले आताच दोन-दोन घेऊन ठेवावीत.