‘दोन फटके’ कायद्यात कुठे बसतात?

भुरट्या चोरीची फिर्याद कशी द्यावी, हे मागच्या वेळी सांगितलं होतं. पत्रं मात्र बहुतेक मारावर आली. काहींना वाटतं पोलीस फार मारतात, काहींना वाटतं पुरेसं मारत नाहीत. मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. चोराचं वकीलपत्र घेतलंय आणि ज्याची चोरी झाली त्याचंही.

माझ्या दुकानातून महागडा मोबाइल गेला. पोलिसांनी तीन पोरं उचलली, चौदावं रत्न दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी मोबाइल माझ्या हातात होता. दोन फटक्यांनी असं काय बिघडलं? (दुकानदार, चाकण)

तुमचा माल मिळाला, बरं झालं. पण पोरं तीन होती, मोबाइल एकाकडून निघाला. उरलेल्या दोघांचे फटके कोणाच्या खात्यावर मांडायचे? ते तुमच्या हिशेबात नाहीत, कारण ते तुम्हाला दिसलेच नाहीत.

कायद्याचं ऐका. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हेच होतं, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्येही हेच आहे. सवलत एकच: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू प्रत्यक्ष निघाली, तर बोलण्यातला तेवढा भाग चालतो. सगळी ‘रिकव्हरी’ या एका फटीवर उभी असते आणि ठाण्यातला ‘बाजीराव’, म्हणजे तो दांडीला लावलेला चामड्याचा पट्टा, याच फटीतून आत येतो. कबुलीसाठी किंवा मुद्देमाल काढण्यासाठी मारणं हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली त्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हाड मोडलं तर 10. साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंत. कोणाचा गुन्हा मोठा, ते आकड्यांवरूनच कळतं.

वायर चोरीच्या संशयावरून पकडलेला एक पोरगा रिमांडला आला होता. वय एकोणीस. पिंजऱ्यात उभा राहिला तो पावलांच्या बाहेरच्या कडांवर, तळवे फरशीला टेकू न देता. न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” पोरानं मागे उभ्या हवालदाराकडे पाहिलं आणि म्हणाला, “नाय.” मेडिकलच्या कागदावर ‘अंगावर जखम नाही’. तळव्यांवर मारलं की वळ सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीत, आणि मग जागच्या जागी उड्या मारायला लावतात म्हणजे सूज बसते. मी म्हटलं, साहेब, याला जरा खाली बसून तळवे दाखवू द्या. जांभळे होते. फेरतपासणीचा आदेश झाला. वायर आजवर सापडलेली नाही.

मोबाइल शोधायला आयएमईआय क्रमांक (प्रत्येक हँडसेटचा वेगळा ओळख क्रमांक) आहे, हरवलेले मोबाइल शोधण्याचं सरकारचं सीईआयआर पोर्टल आहे. त्याला पट्टा लागत नाही. बिलावरचा तो क्रमांक मात्र जपून ठेवा. निम्मे फिर्यादी तिथेच अडकतात.

चोर पळत असेल तर पोलिसांनी लाठीसुद्धा वापरायची नाही का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

वापरायची. अटकेला विरोध करणाऱ्याला पकडण्यासाठी लागेल तेवढं बळ कायदाच देतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 43). पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यातल्या माणसाचा जीव घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. पळणाऱ्या पाकीटमारावर गोळी झाडता येत नाही. त्यानं कोयता उगारला तर प्रश्न स्वसंरक्षणाचा, तिथे हिशेब निराळा. आणि एकदा हात धरला, बेडी पडली, की बळाचं कारण संपलं. त्यानंतरचा प्रत्येक फटका हा निव्वळ मार.

आमच्या सोसायटीत सायकलचोर रंगेहाथ सापडला. पोरांनी खांबाला बांधून थोडा प्रसाद दिला, व्हिडिओही काढला. आम्ही अडचणीत येऊ का? (सोसायटीचे सचिव, डोंबिवली)

याल. आणि पुरावा तुम्हीच काढून ठेवलाय.

दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर सामान्य माणूसही गुन्हेगाराला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. आता गंमत पाहा. नव्या कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. जुनी सायकल असेल तर पोलीससुद्धा वॉरंटशिवाय त्याला अटक करू शकत नाहीत, तिथे तुमचा खांब कुठे बसतो? पहिल्यांदाच चोरी करणाऱ्यानं माल परत केला, तर शिक्षाही समाजसेवेची आहे.

‘थोडा प्रसाद’ किती होईल, ते जमावाच्या हातात राहत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागायला आले होते.

आम्ही पारधी. गावात चोरी झाली की माझ्या दिराला ‘रेकॉर्डवरचा’ म्हणून रात्री उचलतात, दोन दिवसांनी सोडतात. कागद काहीच नसतो. काय करू? (अंगणवाडी सेविका, बीड जिल्हा)

ताई, कागद नसणं हीच मुख्य तक्रार आहे. 1871 च्या कायद्यानं कितीतरी जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 ला तो कायदा गेला, ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यातून शिक्का गेला नाही.

नेल्याबरोबर 112 ला फोन करा आणि किती वाजता, कोणत्या गाडीनं, कोणी नेलं ते सांगा. तेच पोलीस अधीक्षकांना ईमेलनं कळवा, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. अटक असेल तर तिचं कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, साक्षीदाराच्या सहीचा अटक मेमो करणं पोलिसांना बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालापासूनचा हा नियम आता कायद्यातच आलाय. 24 तासांत न्यायाधीशांपुढे उभं करायलाच हवं. तिथे तक्रार विचारली की दिराला ‘हो’ म्हणायला सांगा, मागे कोणीही उभं असो. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, असा अर्ज त्याच दिवशी द्या. 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते 18 महिने ठेवायला सांगितलंय. फुकट वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळतो.

पत्रानं काय होणार, असं समजू नका. ओडिशातल्या नीलाबती बेहेरांच्या 22 वर्षांच्या मुलाला 1987 साली चोरीच्या तपासासाठी चौकीत नेलं. दुसऱ्या दिवशी प्रेत रेल्वे रुळावर. पोलीस म्हणाले, पळून गेला होता. आईनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयानं तीच याचिका मानली आणि 1993 साली दीड लाखाची भरपाई द्यायला लावली.

मी पोलीस शिपाई आहे. महिन्याच्या मीटिंगला साहेब ‘डिटेक्शन किती?’ विचारतात. पीसीआर (पोलीस कोठडी) दोन दिवसांचा मिळतो, चोर जामिनावर सुटून आमच्याच समोर चहा पितो. दोष मात्र आम्हाला. (नाव न देण्याच्या विनंतीसह)

तुमचं म्हणणं खरं आहे. उघडकीस आणलेल्या गुन्ह्यांचा आकडा मागायचा आणि तपासाला माणसं द्यायची नाहीत, बंदोबस्तातच निम्मी ड्युटी घालवायची, यात चूक वरच्यांची आहे. जामीन मात्र शिक्षा चुकवण्याची पळवाट नाही, तेव्हा त्या चहाचा राग पोरावर काढू नका.

फक्त हे ध्यानात ठेवा. 2017 साली सांगलीत दोन हजार रुपये आणि मोबाइल लुबाडल्याच्या आरोपावरून धरलेला तरुण कोठडीत मेला. प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं गेलं. बाहेर काय सांगितलं? पळून गेला. तीस वर्षांपूर्वीच्या ओडिशातलेच शब्द. त्या प्रकरणात उपनिरीक्षकाबरोबर हाताखालचे पोलीसही अटकेत गेले. तेव्हा साहेबांनी रात्री “याला जरा बघ” म्हणून कोणाला तुमच्या हवाली केलं, तर आधी स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्यातली रोजची नोंदवही, उघडा आणि त्या माणसाचं नाव, वेळ आणि सांगणाऱ्याचा हुद्दा लिहा.