नवी सुरी आधी द्राक्षाच्या काडीवर

लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याची (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची) सुरी करून आणलीस, छान. पण लगेच वाळक्या बाभळीवर घाव घालू नकोस. ऑक्टोबर छाटणीनंतर आपल्या नाशकात बांधाबांधावर द्राक्षाच्या काड्या पडलेल्या असतात. अंगठ्याएवढी जाड काडी घे, धार अंगापासून लांब ठेवून सोल. पातळ, कुरळं सोलपट सलग निघालं की पुढचं बघू.

दहा मिनिटांनी धार उजेडात धर. चकाकती रेघ दिसली तर धार मुडपलीय, पोलाद मऊ. खांडे पडले तर फार कडक. माझ्या पहिल्या सुरीला तीन खांडे पडले; पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा शेकायचं राहिलं होतं, घाई माझीच. ओंडका चिरताना सुरीच्या पाठीवर लाकडी सोटाच मार, हातोडी नाही. मूठ बोचली तर कानस आहेच.